दिसणे आणि पाहणे

इंग्रजीतील ‘सी’ या क्रियापदाला मुले ‘लुक’, ‘वॉच’, ‘नोटिस’ असे पर्याय पाठ करतात. पण हे शब्द खरोखर एकाच अर्थाचे आहेत काय? आपल्या मराठीतही ‘मला दिसले’ यात डोळ्यांचे काम आपोआप होते. ‘मी पाहिले’ म्हटले की कर्ता मी, म्हणून जबाबदारीही माझी.

मग मुद्दाम पाहणारा अधिक चांगला म्हणावा काय? लूकच्या दहाव्या अध्यायातील दाखला तसे म्हणू देत नाही. याजक, लेवी व शोमरोनी या तिघांकरिता मूळ ग्रीकमध्ये पाहण्याचे क्रियापद एकच आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात लेव्यासाठी मात्र ‘लुक’ घातला आहे. म्हणजे त्याने मुद्दाम नजर टाकली, आणि तोही निघून गेला! फरक पडला तो पुढच्या क्रियापदाने. दोघे गेले, एकाला कळवळा आला.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी तीन रविवार आल्या नाहीत. त्यांची रिकामी जागा मी तिन्ही वेळा पाहिली. चौथ्या रविवारी कळले की त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. माझे डोळे शाबूत होते. पाय उठले नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पर्यायी शब्द अवश्य शिकवावेत. परंतु पाहिल्यावर काय केले, हेही मुलांना, आणि प्रथम स्वतःला, विचारावे.