वारानंतरचं मन

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत मुलांचा कराटेचा वर्ग चालू होता. एक पालक कडेने ओरडले, "विचार करू नकोस, मार!" सल्ला चुकीचा नव्हता, तरी तो मला खुपत राहिला.

जपानी युद्धकलांतलं 'मुशिन' म्हणजे हेच, विचाराच्या मध्यस्थीशिवाय घडणारी कृती. 17व्या शतकात ताकुआन सोहो या झेन भिक्षूने याग्यू मुनेनोरी या तलवारबाजाला ते पत्रातून समजावलं. सहस्रभुज कान्नोनचं मन धनुष्य धरलेल्या एका हातापाशी थांबलं, तर उरलेले 999 हात निकामी. हा कान्नोन म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीवरचा आपला अवलोकितेश्वरच. स्थितप्रज्ञाची आठवण इथे कुणालाही होईल. ती बाजूला ठेवतो, कारण मला सतावणारं मन दुसरंच आहे.

ते 'झानशिन', वार झाल्यावरही जागं राहिलेलं मन. केंदो या जपानी तलवारबाजीत फटका अचूक बसला तरी त्यामागे झानशिन नसेल तर गुण मिळत नाही. जिंकल्याचा जल्लोष केला तर मिळालेला गुणही काढून घेतात.

एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. इथे 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. मिनिटाला 3000 फेरे घेणारं टर्बाइन ट्रिप झालं म्हणजे काम संपलं असं नसतं. तापलेला रोटर तसाच थांबू दिला तर वाकतो. म्हणून बॅरिंग गिअरवर तो तासन्‌तास, निवेपर्यंत, सावकाश फिरवत ठेवावा लागतो आणि कुणीतरी त्यावर नजर ठेवून असतो. वीज शून्य, लक्ष पूर्ण.

तरीही झानशिन म्हणजे नुसता शिष्टाचार, खरी साधना मुशिनची, असं मानणारे पुष्कळ. त्यांचा आवडता साक्षीदार ऑयगेन हेरिगेल. 1924 ते 1929 हा जर्मन तत्त्वज्ञ जपानात होता, आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकला. बाण आपोआप सुटावा, सोडणारा 'मी' उरू नये, हे त्याने 1948च्या पुस्तकात फार सुंदर लिहिलं. पण मधल्या काळात, 1937 साली, तो नाझी पक्षात दाखल झाला होता. 'मी' विरघळवण्याची एवढी तालीम, आणि पक्षाच्या दारात ती आडवी आली नाही! म्हणून म्हणावं लागतं की मुशिन हे एक कौशल्य आहे, सद्‌गुण नव्हे. कोरं मन कोणाच्याही हुकमाला तितक्याच चपळाईने धावेल.

ताकुआनला हे ठाऊक असावं. त्याच पत्राच्या शेवटी तो मुनेनोरीला फैलावर घेतो: सरदारांच्या भेटवस्तूंना भुलून न्याय विसरू नकोस, नाचाची हौस आवर. न अडकणारं मन शिकवून झाल्यावरही वागणुकीचा धडा त्याला वेगळा द्यावा लागला.

मग झानशिन तरी माणसाला चांगलं करतं का? तशी हमी मी देणार नाही. पण त्यात, ज्याच्यावर वार केला त्याच्याकडे वार झाल्यावरही पाहत राहावं लागतं. मुशिनमध्ये ही अट नाही.