वाऱ्याचें वजन

(शास्त्रपाठ : ईयोब २८:२५, लूक १३:१-५, प्रेषितांचीं कृत्यें १७:२५)



पावसाळ्याच्या आरंभीं वरंध घाटाच्या पायथ्याशीं उभें राहून वर पाहिलें, तर डोंगराचा माथा ढगांत बुडालेला दिसतो, आणि समुद्राकडून आलेला वारा छपरांवरून घोंघावत घाटाकडे जात असतो. हा वारा हातीं धरितां येत नाहीं व डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून ज्या गोष्टीला आधार नाहीं तिला आपण वाऱ्यावरची वरात म्हणतों. आणि एखाद्याला निराधार टाकून दिलें, तर त्याला वाऱ्यावर सोडलें असें म्हणतों. परंतु शास्त्र वाऱ्याविषयीं निराळेंच सांगतें. देवानें वाऱ्याला वजन नेमून दिलें व पाणी मापानें दिलें, असा ईयोबाच्या पुस्तकांतील या वचनाचा आशय आहे. आज आपण याच गोष्टीचा विचार करूं.

वाऱ्याला वजन आहे हें मनुष्यांस पुष्कळ काळ खरें वाटलें नाहीं. सन १६४३ च्या सुमारास इटली देशांत तोरिचेल्ली नांवाच्या विद्वानानें पारा भरलेली कांचेची नळी पाऱ्याच्या भांड्यांत उलटी धरिली. नळींतील पारा सर्व खालीं न येतां सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. बाहेरील हवेचा भार त्याला तोलून धरीत होता. पुढें १६४८ सालीं फ्रान्स देशांतील पास्काल या ख्रिस्ती पंडितानें आपल्या मेहुण्याकडून तशीच नळी एका डोंगरावर नेवविली. जसजसें वर जावें तसतसा पारा खालीं उतरला. माथ्यावर तो आठ सेंटिमीटरांहून अधिक उतरलेला आढळला. उंचावर हवा विरळ, म्हणून भार कमी. आपल्या महाबळेश्वरास हवेचा भार समुद्रकांठापेक्षां सुमारें सातव्या हिश्श्यानें कमी असतो. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व चार मीटर उंच अशा एका लहानशा मंदिरांत जी हवा मावते, तिचें वजन सुमारें पावणेतीनशें किलो भरतें. रिकामें मंदिर मुळीं रिकामें नसतें!

पहिली गोष्ट ही कीं, देवानें आपणांस एकावर एक अशीं पांघरुणें घातलीं आहेत. सर्वांत खालचा थर तो तपांबर. आपल्या प्रदेशावर तो सुमारें १६ ते १८ किलोमीटर उंच आहे. ढग, पाऊस, वीज व वादळ हीं बहुतेक सर्व यांतच होतात. त्याच्या वर सुमारें ५० किलोमीटरपर्यंत स्थितांबर आहे, व त्यांत ओझोन नांवाचा वायु असतो. त्याच्या वर मध्यांबर. तेथें आकाशांतून येणाऱ्या उल्का जळून जातात. रात्रीं तारा तुटला असें आपण म्हणतों, तो असा जळणारा लहानसा खडा असतो. त्याहून वर दलांबर, आणि शेवटीं बाह्यांबर. तेथें हवा इतकी विरळ होते कीं तिचा अंत कोठें झाला हें सांगतां येत नाहीं.

यांतील ओझोनाकडे विशेष लक्ष द्या. तो सर्व गोळा करून समुद्रसपाटीवर आणिला, तर त्याचा थर सुमारें तीन मिलिमीटर जाडीचा होईल. एवढें पातळ तें पांघरूण, परंतु सूर्याच्या घातक किरणांपासून तेंच आपली त्वचा, आपले डोळे व आपलीं पिकें राखतें. मनुष्यांनीं थंडगार यंत्रांसाठीं व फवाऱ्यांसाठीं बनविलेले कांहीं वायु वर जाऊन त्याचा नाश करूं लागले, आणि दक्षिण ध्रुवावर त्याला मोठें खिंडार पडल्याचें १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. दोनच वर्षांनीं, १९८७ सालीं, माँट्रियल येथें राष्ट्रांनीं ते वायु सोडून देण्याचा करार केला. पुढें जगांतील सर्व राष्ट्रें त्यांत आलीं, आणि आतां तें पांघरूण हळूहळू भरून येत आहे. बंधूंनो, पश्चात्ताप म्हणजे केवळ डोळ्यांतील पाणी नव्हे. चूक ओळखणें, ती कबूल करणें व तो मार्ग सोडणें, हा पश्चात्ताप. राष्ट्रांना तो करितां आला, तर आपणांस घरांतील दारू, सावकारी व भावाभावांतील वैर कां सोडतां येऊं नये?

दुसरी गोष्ट ही कीं, देवानें हवा सर्वांस सारखी दिली आहे. कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो. उरलेल्या एका भागांत बहुतेक आर्गॉन, व अगदीं थोडा कर्बवायु असतो. प्राणवायूवांचून आपण कांहीं क्षणच तग धरूं. परंतु तोच पुष्कळ अधिक असता, तर एका ठिणगीनें रान पेटून विझलें नसतें. नत्रवायु त्याला आंवरून धरितो. तो नत्रवायु रोपांना थेट घेतां येत नाहीं. म्हणून देवानें वाल, तूर, उडीद यांच्या मुळांवरील गांठींत सूक्ष्म जीव ठेविले, व ते हवेंतील नत्र जमिनीला देतात. भातकापणीनंतर जो शेतकरी त्याच खाचरांत वाल पेरितो, तो ही देणगी न मागतां घेतो.

ही हवा अडविण्यास कोणी समर्थ आहे काय? आपल्या महाड शहरांत पाणी मात्र अडविलें गेलें होतें. ज्या चवदार तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत, तेथें अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर हजारों लोकांसह त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याचा वाद न्यायालयांत चालला, आणि १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तळें सर्वांस खुलें असल्याचा निर्णय कायम केला. पाण्याला मनुष्यांनीं कुंपण घातलें; वाऱ्याला कोणी घालूं शकला नाहीं. जो श्वास ब्राह्मणाच्या छातींतून बाहेर पडला, तोच वाऱ्यानें महारवाड्यांत आला. आणि महारवाड्यांतील श्वास मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत गेला. पौलानें अथेन्स नगरांत सांगितलें, तें हेंच. सर्वांना जीवन व श्वास देणारा एकच आहे. मग आपल्या मंडळींत अजून कोणी पंक्तीला बसतांना आपली जुनी जात आठवीत असेल, तर त्यानें एवढेंच करावें : आपल्या नाकांत जाणारी हवा कोणाकडून आली, हें प्रथम विचारावें.

तिसरी गोष्ट सांगतांना मन जड होतें. २२ जुलै १९२१ नव्हे, आपल्याच डोळ्यांदेखतचा २२ जुलै २०२१ हा दिवस आठवा. महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगराची दरड आली व ऐंशींहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. त्याच वेळीं पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व सुतारवाडी येथेंही दरडी कोसळल्या. त्यापूर्वीं २००५ च्या जुलैंत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांनीं हेंच दुःख पाहिलें होतें. अशा वेळीं कोणी म्हणतो, देवाचा कोप झाला. कोणी म्हणतो, त्या गांवाचें पापच तसें होतें. उपदेशकांनो, असें बोलणाऱ्याच्या मागें जाऊं नका. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, असें प्रभूनें विचारिलें, आणि त्याचें उत्तर नाहीं असें स्वतःच दिलें.

मग तें पाणी आलें कोठून? समुद्रावरील वारा बाष्प घेऊन येतो. सह्याद्रीची भिंत आडवी आली म्हणजे तो वर चढतो. वर चढतांना हवा थंड होते, आणि थंड हवेंत बाष्प मावत नाहीं, म्हणून तें पाऊस होऊन पडतें. याच नियमानें आपलीं खाचरें भरतात. परंतु २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवा एक अंशानें तापली, तर तिच्यांत सुमारें शेंकडा सात इतकें अधिक बाष्प मावतें. आणि हवा तापण्याचें एक मोठें कारण मनुष्याच्या हातचें आहे. पूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें २८० भाग होते; कोळसा व तेल जाळून व जंगलें तोडून ते आतां ४२० हून अधिक झाले आहेत. थोडा कर्बवायु ही देवाची कृपाच होय; तो व बाष्प नसतें, तर पृथ्वी गोठून गेली असती. पण रानांतील मान्ना जसा मापाबाहेर सांठविला कीं त्यांत किडे पडले, तसें हें झालें आहे.

देवानें पाणी मापानें दिलें. माप बिघडविलें तें माणसांनीं. आणि ज्यांनीं थोडें जाळिलें, त्यांच्याच डोक्यावर पुष्कळ वेळां डोंगर येतो. हा न्याय नव्हे. आणि देवाच्या न्यायासनापुढें याचा हिशेब व्हावयाचा आहे.

तोंवर आपण काय करावें? उन्हाळ्यांत डोंगराला वणवा लावूं नये, व दुसऱ्यानें लाविला तर विझविण्यास जावें. कारण झाडांचीं मुळें माती बांधून ठेवितात. डोंगराला नवी भेग पडली, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, झाडें वा खांब कलले, तर रात्रीची वाट न पाहतां मुलांमाणसांसह सुरक्षित ठिकाणीं जावें. सरकारची सूचना आली तर ती ऐकावी. घर सोडून निघणें म्हणजे विश्वास सोडणें नव्हे. नोहानें तारू बांधिलें तें विश्वासानेंच. आणि ज्यांचीं माणसें गेलीं, त्यांच्या दारीं उपदेश घेऊन नव्हे, तर भाकरी घेऊन जावें, व गप्प बसून त्यांच्याबरोबर रडावें.

प्रियजनांनो, इब्री भाषेंत वारा, श्वास व आत्मा यांना एकच शब्द आहे. जो वारा घाटावर पाऊस आणितो तोही देवाचा, आणि आदामाच्या नाकपुड्यांत फुंकलेला श्वासही त्याचाच. आपणांस वाऱ्यावर सोडलेलें नाहीं. वाऱ्याचें वजन ज्यानें नेमिलें, त्याच्या हातीं आपण आहों. आज रात्रीं निजण्यापूर्वीं एक दीर्घ श्वास घ्या, आणि तो सोडतांना त्याचे आभार माना. आमेन.