दयाळाची फसवणूक



ईस्टरनंतरच्या शनिवारी धर्मशिक्षण वर्गातील बारा मुलांना घेऊन आम्ही पक्षी पाहायला निघालो. फार लांब नव्हे, चर्चमागच्या वाडीतून बावखलापर्यंत. सहल म्हटली की बस ठरवायची, हा समज आम्हांला मोडायचा होता. आपल्या बावखलावर खंड्या बसतो, पाणकोंबडी शेपूट उडवीत गवतात शिरते, ताडावर सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले खोपे अजून लोंबत असतात. आपण मात्र महाबळेश्वरला जाऊन आलो की निसर्ग पाहिला असे म्हणतो.

मुलांना दयाळ दाखवायचा होता. अर्धा तास झाला तरी तो दिसेना. मुलांची चुळबुळ सुरू झाली, दोघांनी डबे उघडले. मग आम्ही खिशातून मोबाइल काढला आणि दयाळाचे रेकॉर्ड केलेले गाणे लावले. मिनिटभरात काळापांढरा नर समोरच्या शेवग्यावर येऊन बसला. शेपूट ताठ उभी, छाती फुगलेली. तो गायला, खालच्या फांदीवर उतरला, पुन्हा गायला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही गाणे आणखी दोनदा लावले, हे कबूल केले पाहिजे.

परतताना सहावीतल्या एका मुलीने विचारले, “फादर, तो कोणाला शोधत होता?”

उत्तर आम्हांला ठाऊक होते. मार्च ते जुलै हा दयाळाच्या विणीचा काळ. मादी झाडाच्या किंवा भिंतीच्या पोकळीत अंडी उबवते आणि नर आपला परिसर राखतो. दुसऱ्या नराचे गाणे कानी पडले म्हणजे त्याच्या दृष्टीने घरात कोणी शिरले. तो धावून येतो, गाऊन दम टाकतो, आणि तेवढा वेळ त्याचे खाणे आणि घरट्याकडचे लक्ष सुटते. हे सारे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे आपण त्याला फसवलं.”

खोटे बोलणे म्हणजे काय, यावर संत ऑगस्टीन यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. सेमिनरीत आम्ही शिकलो की खोटे बोलायला समोर शब्दांचा अर्थ समजणारे कोणी हवे. त्या हिशेबाने पाखराशी खोटे बोलताच येत नाही. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण ती सवय पुढे माणसांवर उतरते. खरे आहे, पण त्या मुलीला आमच्या सवयींची काळजी नव्हती. तिला काळजी होती दयाळाची.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली एक गंमत नोंदवली आहे. खेड्यातल्या एका यजमानाकडे हवापालटासाठी पाहुणे येत. आसपास बुलबुलासारखा गाणारा नाइटिंगेल नव्हता, म्हणून त्याने एका खोडकर पोराला झुडपात लपवून त्याच्याकडून तो आवाज काढवला. पाहुणे खूश! पण युक्ती कळली की ते गाणे कोणालाही ऐकवत नाही, असे कांट म्हणतो. आवाज तोच, तरी गोडी जाते, कारण आपल्याला खरा पक्षी हवा असतो. आमच्या गोष्टीत पक्षी खरा होता आणि झुडपातले पोर आम्ही. फसलेला पाहुणा मात्र दयाळ होता, आणि युक्ती कळण्याची सोय त्याला नव्हती.

रविवारी मिस्सानंतर एका ज्येष्ठ काकांना हे सांगितले. ते हसले. “फादर, आपण कोंबडी कापतो, मासळी खातो, आणि तुम्ही एका गाण्याचं दुःख करता?” प्रश्न रास्त आहे. कॅथॉलिक चर्चची धर्मशिक्षणाची पोथी (१९९२) अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करते; कारण नसताना त्यांना त्रास देणे मात्र माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगते. कोंबडीमागे भूक असते. आमच्यामागे काय होते? आणखी थोडा वेळ बसवत नव्हते, एवढेच.

डॉ. सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला घेऊन गेले आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले. पुढे अभ्यासासाठीही त्यांनी पक्षी मारले, आणि ते लपवले नाही. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. ते ऐकले की आपल्याला मत्तयच्या दहाव्या अध्यायातल्या चिमण्या आठवतात. डोंगरावरील प्रवचनात प्रभू पाखरांकडे पाहायला सांगतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नीट निरखणे असा आहे. त्यांना बोलावून घ्या, असे तो सांगत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच जागी बसलो. बारापैकी पाचच मुले आली. दयाळ दूरवर, कोणाच्या तरी टाकीवर गात होता. जवळ आलाच नाही. एक मुलगा झोपला. ती मुलगी मात्र पाऊण तास हलली नाही, आणि निघताना म्हणाली की तो दर वेळी गाणे थोडे बदलतो. आम्ही इतकी वर्षे ऐकतो आहोत, आमच्या ते ध्यानात आले नव्हते.

येत्या शनिवारी सकाळी सहाला चर्चच्या फाटकापाशी जमू. पाण्याची बाटली आणावी. मोबाइल फादरांच्या ऑफिसात ठेवले जातील, फादरांचाही.