सावलीची साक्ष



नमाज श्रद्धावंतांवर ठरलेल्या वेळी फर्ज आहे आणि त्या वेळा अल्लाहने सूर्याच्या चालीशी जोडल्या आहेत. ही चाल रोज एकसारखी नसते. सूरह रहमानमध्ये अल्लाहचा उल्लेख दोन पूर्वांचा व दोन पश्चिमांचा प्रभू असा येतो. अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील सूर्योदय-सूर्यास्ताची टोके असा घेतला आहे.

मुंबईत 15 मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पायाशीच लुप्त होते. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर भरते. म्हणूनच असरची वेळ मोजताना ही मूळ सावली वगळण्यास फुकहांनी सांगितले. उरलेली सावली शाफई मतानुसार काठीएवढी, हनफी मतानुसार दुप्पट झाली की असर सुरू होते. मूळ सावली वगळली नाही तर हिवाळ्यात जुहरमागोमाग असर आली असे वाटेल.

उत्तरेकडे हा फरक आणखी वाढतो. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरचा आठ तासांहूनही कमी. आपल्याकडे फरक थोडा आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुंबईत जुलैच्या आरंभी सूर्य सायंकाळी 7 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेरीस 6 च्या सुमारास. उन्हाळ्याची सवय तशीच हिवाळ्यात नेणारा कामातून डोके वर काढतो, तेव्हा मगरिबची अजान होत असते. असर हातून गेलेली असते. दोष सूर्याचा नसतो. तो आपल्या गाफिलपणाचा असतो.

हाच सूर्य वर्षातून दोनदा काबागृहाच्या माथ्यावर येतो. 28 मेच्या सुमारास, भारतीय वेळेनुसार दुपारी सुमारे 2 वाजून 48 मिनिटांनी, अंगणात काठी सरळ रोवा. तिची सावली जिकडे पडेल, त्याच्या नेमकी विरुद्ध दिशा किब्ल्याची. मुलांना हे अवश्य दाखवा.

सूर्य आपल्या आज्ञेपासून क्षणभरही ढळत नाही. ज्याला इच्छास्वातंत्र्य दिले गेले, त्या माणसाने नमाजेची वेळ टाळावी काय? आजच आपल्या गावाचे, चालू महिन्याचे वेळापत्रक घरात लावा आणि असर सर्वांआधी जपा.

अल्लाह आपणा सर्वांस वेळेचे भान देवो. आमीन.