हा फोटो कोणासाठी?



पावसाळ्यात रविवारची मिस्सा आटोपून आपण बाहेर पडतो, तेव्हा भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्या गर्दीवर आपल्याकडच्या कितीतरी जणांचे पोट चालते : चिक्कीवाले, कणसे भाजणाऱ्या बाया, घोडेवाले. पर्यटकांवर जगणाऱ्या अशाच माणसांपैकी एक आता विरळ होत चालला आहे. तो म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा फोटोवाला.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून ठिकठिकाणी असे फोटोवाले उभे राहत आले. रोलच्या काळात पैसे आगाऊ घेऊन, पत्ता लिहून घेऊन फोटो टपालाने पाठवण्याची पद्धत होती. पुढे खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रिंटर आला आणि फोटो जागच्या जागी हातात मिळू लागला. मग मोबाइल आला. स्वतःच्या खिशात कॅमेरा असताना दुसऱ्याला पैसे कोण देणार? धंदा बसत गेला. यात कोणाचा दोष नाही. पण त्या धंद्याबरोबर एक चांगली रीतही चालली आहे. हा फोटोवाला आधी विचारत असे. नको म्हटले की पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. आणि फोटो ज्याचा असे, त्याच्याच हातात जाई.

रस्त्यावरचे जीवन टिपणारे जगप्रसिद्ध छायाचित्रकार सहसा असे विचारत नसत. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) आपला कॅमेरा कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवत. १९४८ साली गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांनी काढलेली छायाचित्रे इतिहासाचा ठेवा आहेत. गंमत अशी, की स्वतःचा फोटो कोणी काढलेला मात्र त्यांना आवडत नसे!

१९८४ साली पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. पुढच्या वर्षी तो नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गाजला. तिचे नाव मात्र जगाला ठाऊक नव्हते. २००२ साली शोध लागला, तेव्हा ती शरबत गुला असल्याचे कळले. तोवर तिने स्वतःचा तो फोटो पाहिलाच नव्हता.

मग न विचारता फोटो काढणे नेहमीच चूक का? तसे म्हणता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तछायाचित्रकाराने जिवावर उदार होऊन कसाबचे फोटो काढले. पुढे खटल्यात ते पुरावा म्हणून उभे राहिले आणि डिसोझा यांनी स्वतः साक्षही दिली. तेथे परवानगी कोणाची घ्यायची? ते फोटो मारल्या गेलेल्यांच्या बाजूने बोलले.

म्हणून आम्हाला वाटते, विचारले की नाही एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. फोटो कोणासाठी काढला, हेही पाहावे लागते.

रविवार, ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांचे शेवटचे क्षण मोबाइलमध्ये टिपले गेले आणि पाहता पाहता देशभर फिरले. काठावरच्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या लोंढ्यात उतरणे सोपे नव्हते. ती दृश्ये पाहून काहीजण सावधही झाले असतील. पण ती पुढे पाठवताना त्या घरातील मागे राहिलेल्यांचा विचार किती जणांच्या मनात आला असेल?

हा प्रश्न आपल्या सेवाकार्यालाही लागू पडतो. नाताळात आपण वृद्धाश्रमात फळे नेतो, वस्तीवर ब्लँकेटे वाटतो. देणारा आणि घेणारा दोघांनाही कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले जाते. घेणाऱ्याचा हात त्या वेळी पुढे असतो. तो नाही कसा म्हणेल? ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याला विचारणे म्हणजे नुसता उपचार.

यंदा आपण एवढे करू या. वस्तू देताना मोबाइल खिशातच ठेवू या. देणे झाल्यावर निवांत बसावे, गप्पा माराव्यात आणि मग विचारावे, "आजी, तुमचा एक फोटो काढू का?" त्या नको म्हणाल्या तर विषय तेथेच सोडावा. हो म्हणाल्या तर त्यांना पदर सावरू द्यावा, केस नीट करू द्यावेत. आणि पुढच्या भेटीत त्या फोटोची चांगली प्रत काढून त्यांना नेऊन द्यावी. अनेक वृद्धांकडे स्वतःचा एकही अलीकडचा फोटो नसतो.