ताटाचें ऋण

मुलांना काय खावें हें शिकवावें, याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. २०२५ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांना, नेहमींच्या खाण्यापिण्यांत साखर किती असते हें दाखविणारे फलक लावावयास सांगितलें. लहान वयांतच जडणाऱ्या मधुमेहाची चिंता त्यामागें आहे, आणि ती रास्त आहे. परंतु या शिक्षणाच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे, तो फलकावर मावत नाहीं. मुलाला आपण हें शिकवितों तें त्यानें स्वतःचा देह सांभाळावा एवढ्याचसाठीं, कीं त्या देहाचें पोषण कोणाच्या कष्टांवर होतें हेंही त्याला कळावें म्हणून?

बारामती व इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका पुण्यामुंबईंत दिसत नाहीं. हा मुलूख पर्जन्यछायेंतला. त्याचें मूळचें अन्न ज्वारी-बाजरीचें. काळ्या रानांत पेरलेला शाळू जमिनींतल्या ओलीवर व थंडीवर चार महिन्यांत पदरांत पडतो. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी इकडे खेळूं लागलें, त्यामागून ऊस आला, आणि १९३० नंतर वालचंदनगरसारखें साखरेचें गांव उभें राहिलें. ऊस बारा ते अठरा महिने रानांत उभा असतो, आणि तितका काळ पाणी पितो. त्यानें अनेक घरांना दारिद्र्यांतून वर काढलें, हें कृतघ्न मनुष्यच नाकारील. पुष्कळ मुलांच्या शाळेची फी उसाच्याच बिलांतून भरली जाते.

अशा मुलापुढें ‘साखर कमी खा’ असा फलक टांगला तर तें काय समजेल? आपल्या बापाच्या पिकाची निंदा चालली आहे असें त्याला वाटेल. किंवा आपण खावयाचें नाहीं, दुसऱ्यास मात्र विकावयाचें, एवढा व्यवहार तें शिकेल. हा दुसरा धडा पहिल्याहून वाईट.

म्हणून आहाराचा पाठ ताटापासून रानापर्यंत गेला पाहिजे, आणि तो संपूर्ण सांगितला पाहिजे. १९८० सालीं पुरें झालेल्या उजनी धरणाखालीं इंदापूर तालुक्यांतलीं गांवें गेलीं; पळसदेवचें जुनें देऊळ पाणी उतरलें म्हणजे अजून दृष्टीस पडतें. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचीं धुराडीं पेटतात, आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणीचीं कुटुंबें येतात. त्यांतल्या नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचें नांव माणसांवर पडतें. त्यांच्याबरोबर आलेलीं कित्येक मुलें हंगाम संपेपर्यंत आपल्या शाळेस पारखीं होतात. चमचाभर साखरेंत हेंही असतें. तें तराजूंत मोजतां येत नाहीं इतकेंच.

कोणी म्हणेल, कोवळ्या मनावर हें ओझें कशाला? मुलांनीं आनंदानें जेवावें. आक्षेपांत तथ्य आहे. घासागणिक अपराधी वाटावें असें शिक्षण कोणासही नको. परंतु अपराध निराळा आणि ऋण निराळें. अपराधी मनुष्य मान खालीं घालतो. ऋणको मनुष्य फेडीचा विचार करतो. जेवणाआधीं श्लोक म्हणण्याची चाल आपल्या घरांतून होती. त्या श्लोकानें मन देवाकडे वळे. आजचा तक्ता तें देहाकडे वळवितो. देव व देह यांच्यामध्यें राबणारा माणूस मात्र दोहोंच्याही नजरेंतून सुटतो.

यावर उपाय अवघड नाहीं. शाळेच्या आवारांत शाळूचे दोन वाफे मुलांनीं स्वतः पेरावे व राखावे. दुपारच्या जेवणांतला तांदूळ हें या तालुक्यांचें पीक नव्हे. तो कोठून आला हें त्यांनीं विचारावें. उसाच्या फडांत त्यांना न्यावें, आणि आपल्याच वयाचें मूल तेथें कां आहे, हें विचारण्याची मोकळीक द्यावी. शिक्षकापाशीं उत्तर तयार नसेल. पण प्रश्न तरी मुलापाशीं राहील. असें मूल साखर बेतानें खाईल तें केवळ रोगाच्या भीतीनें नव्हे, आणि पानांत कांहीं टाकणार नाहीं तें कोणी रागावेल म्हणून नव्हे. आपण खातों तें कोणाचें तरी देणें आहे, ही जाणीव त्याला उपजली असेल. आहाराच्या शिक्षणाचें याहून मोठें फळ मला दिसत नाहीं.