कामाच्या जागी राजकारण कोणी बोलायचे?

कामाच्या ठिकाणी राजकीय चर्चेवर मालकाने बंदी घालावी का, हा जुना वाद अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी पुन्हा पेटवला. सप्टेंबर 2020 मध्ये कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी जाहीर केले, की कंपनी आपल्या धंद्याबाहेरच्या सामाजिक-राजकीय प्रश्नांत पडणार नाही आणि कर्मचाऱ्यांनीही ते वाद कामावर आणू नयेत. ज्यांना हे पटले नाही त्यांना काही महिन्यांचा पगार घेऊन नोकरी सोडण्याची मुभा देण्यात आली. सुमारे 60 जण, म्हणजे दर वीस जणांमागे एक, बाहेर पडले. एप्रिल 2021 मध्ये बेसकॅम्प या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने तसाच नियम केला आणि तिथले जवळपास एक तृतीयांश लोक काही दिवसांत निघून गेले.

या दोन्ही कंपन्यांचा युक्तिवाद साधा आहे. माणसे कामासाठी एकत्र येतात. राजकारणाने त्यांच्यात फूट पडते, वेळ जातो, मने दुखावतात. म्हणून राजकारण घरी ठेवावे आणि कामावर काम करावे. कोणत्याही कचेरीत निवडणुकीच्या दिवसांत चार माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हे म्हणणे चटकन पटते. ते इतके सहज पटते म्हणूनच नीट तपासायला हवे. मनाई नेमकी कशाला झाली आणि कोणाला झाली, हे पाहिले की त्यातला खरा व्यवहार दिसतो.

बेसकॅम्पमध्ये भांडण पक्षांवरून झाले नव्हते. ग्राहकांची ‘गमतीदार’ वाटणारी नावे कर्मचारी वर्षानुवर्षे एका यादीत टिपून ठेवत होते आणि त्यांतली अनेक नावे आशियाई व आफ्रिकी होती. हे अपमानास्पद आहे, कंपनीने याचा विचार करावा, असे कर्मचाऱ्यांनी म्हटले. चर्चा वाढली आणि तिचा शेवट राजकीय चर्चेच्या बंदीत झाला. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या वर्तनाबद्दलची तक्रार ‘राजकीय’ ठरली आणि बाजूला सारली गेली. कॉइनबेसचे उदाहरण याहून बोलके आहे. कर्मचाऱ्यांना तटस्थ राहायला सांगणारी ही कंपनी 2024 च्या अमेरिकी निवडणुकीत आभासी चलनाला अनुकूल उमेदवारांसाठी पैसा ओतणाऱ्या ‘फेअरशेक’ या राजकीय निधीच्या प्रमुख देणगीदारांपैकी होती. आभासी चलनाचे कायदे हा कंपनीचा धंदाच आहे, तेव्हा त्यावरचा खर्च नियमात बसतो, असे समर्थन करता येते. पण मग पगार, जात, वंश आणि घरभाडे हे कर्मचाऱ्याच्या जगण्याचे प्रश्न आहेत, आणि त्यांना हीच सवलत मिळाली नाही.

भारतात हाच व्यवहार कायद्याच्या आधाराने चालला. कंपनीने राजकीय पक्षांना किती देणगी द्यावी यावर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. 2017 मध्ये ती उठवली गेली आणि 2018 मध्ये निवडणूक रोखे आले. देणगीदाराचे नाव मतदारांपासून लपवणारी ही योजना, मर्यादा उठवणाऱ्या दुरुस्तीसह, सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी रद्द केली. दरम्यान ज्या कंपन्यांनी रोखे घेतले त्यांच्या कामगारांना आपल्या श्रमातून आलेल्या नफ्याचा काही भाग कोणत्या पक्षाकडे गेला, हे विचारण्याची सोय नव्हती. कारखान्याच्या आवारात त्यांनी तो विषय सभा घेऊन काढला असता, तर तो गैरवर्तनात मोडला असता. नमुना स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कामाच्या अटी व शिस्तीच्या नमुना नियमांनुसार, व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय आवारात सभा घेणे आणि पत्रके वाटणे महाराष्ट्रात शिक्षेस पात्र होते. कामगारांच्या सभा कारखान्याच्या दारात भरत आल्या, द्वारसभा हा कामगार चळवळीचा नेहमीचा प्रकार झाला, त्यामागे हे एक कारण आहे.

स्थायी आदेशांचा 1946 चा कायदा कितीही कडक वाटला तरी त्यात एक संरक्षण होते. नियम लेखी असत, सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित होत आणि कामगारांना त्यांवर हरकत घेता येई. केंद्राच्या कायद्यात ही अट 100 कामगारांच्या आस्थापनांपासून लागू होई. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती 300 वर नेली. त्याहून लहान जागी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे मालकाच्या मर्जीवर जाते.

संविधानाच्या कलम 19 मधले भाषणस्वातंत्र्य मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येते, खासगी मालकाविरुद्ध नाही, ही या प्रश्नाची कायदेशीर गाठ आहे. ही गाठ कुठे अडेल हे संविधान लिहिले जाण्यापूर्वीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते. मार्च 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. मूलभूत हक्क कागदावर मिळाले की माणूस स्वतंत्र झाला, ही समजूत त्यांनी त्यात मुळापासून तपासली. बेकार माणसापुढे अशी नोकरी ठेवा, की जिथे कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जाता येत नाही, बोलण्याचा हक्क सोडावा लागतो. तो काय निवडेल? उपासमारीची, घर जाण्याची, मुलांची शाळा सुटण्याची भीती इतकी मोठी असते, की तो हक्क सोडतो आणि नोकरी धरतो. हा करार स्वेच्छेचा आहे असे म्हणणे आंबेडकरांना मान्य नव्हते.

त्यांचा पुढचा मुद्दा अधिक खोल आहे. शासनाने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य उरते, असे उदारमतवादी मानतात. आंबेडकर विचारतात, ते कोणासाठी उरते? घरमालकाला भाडे वाढवायला, भांडवलदाराला कामाचे तास वाढवायला. जिथे हजारो माणसे ठरावीक वेळी एकत्र काम करतात तिथे कोणी तरी नियम करणारच. शासनाने केले नाहीत तर मालक करील, आणि तो मतदाराला उत्तरदायी नसेल. ‘राजकारण नको’ हा कंपनीचा नियम या वर्णनात तंतोतंत बसतो. तो कायद्यासारखा पाळावा लागतो, पण तो करणाऱ्याला पाळणाऱ्यांनी निवडलेले नसते.

यावर आंबेडकरांनी सुचवलेला उपाय मात्र पूर्ण उतरत नाही. मूळ आणि महत्त्वाचे उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत, आणि ते संविधानातच लिहावे, असे त्यांनी मांडले. शासन मालक झाल्यावर जीभ मोकळी होते, असा अनुभव नाही. केंद्राचे 1964 चे आणि महाराष्ट्राचे 1979 चे वर्तणूक नियम कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्यत्व आणि राजकीय चळवळीतला सहभाग नाकारतात. कोणती संघटना राजकीय मानायची हे त्या त्या सरकारने ठरवले: 1966 च्या आदेशात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमात-ए-इस्लामी यांची नावे आली, जुलै 2024 मध्ये संघाचे नाव वगळले गेले. दोन्ही निर्णयांची बाजू घेणारे आहेत; कर्मचाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की सीमारेषा मालकाच्या हाती राहिली.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास बंदीच्या विरुद्ध साक्ष देतो. 22 जुलै 1908 रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनवर निघालेल्या मोर्चात कामगार मोठ्या संख्येने होते. खात्यात, चाळीत आणि नाक्यावर बोलणे झाले नसते तर यातले काहीच उभे राहिले नसते. महाराष्ट्र राज्याच्या घडणीत कामाच्या जागेवरच्या राजकीय बोलण्याचा वाटा आहे, आणि तो मान्य करून बंदीच्या बाजूने बोलणे अवघड आहे.

तरीही याच गिरण्यांमधला एक अनुभव सरसकट मोकळीकीच्या विरुद्ध जातो. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार चांगला होता, पण दलित कामगारांना तिथे घेतले जात नसे. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि दलित कामगाराचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. इथे अन्याय सहकाऱ्यांच्या बहुमताकडून होत होता. कामगारांची राजकीय एकजूट दाराबाहेर लढत होती आणि आत तिच्याच सदस्यांपैकी काहींना खात्याबाहेर ठेवत होती. आजच्या कचेरीत आठ जण एका सुरात एका धर्माबद्दल बोलतात आणि नववा, त्या धर्माचा, डबा उघडून गप्प बसतो. तेव्हा तिथे चर्चा मोकळी आहे असे म्हणता येत नाही. बंदीच्या समर्थकांचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे, आणि उत्पादकतेच्या युक्तिवादात तो हरवतो.

पण विषयावर बंदी घातल्याने त्या नवव्या माणसाचे रक्षण होत नाही. साचेखात्यात जातीबद्दल बोलायला मनाई असती, तर भेदभाव तसाच राहिला असता आणि त्याविरुद्धची तक्रार तेवढी बंद झाली असती. म्हणून निर्बंध बोलण्याच्या विषयावर असू नये. तो अधिकारावर आणि वर्तनावर असावा. ज्याच्या हाती बढती, बदली, पाळी आणि पगारवाढ आहे, त्याने हाताखालच्या माणसाकडून मताची, वर्गणीची किंवा मोर्चातल्या हजेरीची अपेक्षा करणे हे गैरवर्तन ठरावे. एखाद्याला त्याच्या जाती-धर्मावरून घेरणे, टोमणे मारणे, नको असलेले संदेश सतत पाठवणे हेही त्यातच यावे. कामाच्या वेळेत काम थांबवून चाललेली चर्चा रोखण्याचा अधिकार मालकाला आहे. तीच वेळ क्रिकेटवर गेली तरी तो वापरला जात असेल, तरच तो रास्त आहे. कामाच्या अटी, सुरक्षितता, भेदभाव आणि कंपनीच्या राजकीय देणग्या यांबद्दलचे बोलणे तर कधीच निषिद्ध ठरू नये. जेवणाच्या सुट्टीत समान दर्जाच्या माणसांनी काय बोलावे, हा मालकाचा प्रांत नाही.

संविधानानेही कामाची जागा राजकारणापासून तोडलेली नाही. कलम 171 नुसार विधान परिषदेत शिक्षकांचे मतदारसंघ आहेत; महाराष्ट्रात 78 पैकी 7 जागा त्यांच्या आहेत. शाळेतली शिक्षकखोली हीच तिथे प्रचाराची जागा असते, आणि त्यामुळे अध्यापन बुडाले असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

कामाबाहेरच्या मतांचे संरक्षण हा यातला सर्वांत कच्चा भाग राहिला आहे. रविवारी घरून लिहिलेल्या चार ओळींसाठी सोमवारी राजीनामा मागितला गेला, तर दाद कुठे मागायची? महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथा कायदा सूडबुद्धीने काढून टाकण्याला अनुचित प्रथा मानतो, पण राजकीय मताचा उल्लेख तिथे नाही. जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने कलम 19 आणि 21 मधले हक्क शासनाखेरीज इतरांविरुद्धही मागता येतील असे म्हटले. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळे मत नोंदवले. या तत्त्वाचा आधार घेऊन एका बडतर्फ कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षे घटनात्मक खटला लढवावा, ही अपेक्षा रास्त नाही. कामगार कायद्यात एक कलम पुरेसे आहे: राजकीय मत, पक्षसदस्यत्व किंवा कामाबाहेरचे कायदेशीर राजकीय वर्तन या कारणावरून नोकरी, बढती वा बदली यांत फरक केल्यास ती अनुचित प्रथा समजावी, आणि कारण वेगळे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी.